सी फॉर कन्फ्युजन: उच्चारासकट शब्द शिकवणाऱ्या ॲपचा रिव्ह्यू

आधी कबुली. कितीतरी वर्षं मी 'कॅचे' म्हणत होते. सी-ए-सी-एच-ई, म्हणजे कॉम्प्युटरने हाताशी ठेवलेला तात्पुरता माहितीचा साठा. कॉम्प्युटर अडखळायला लागला की समोरच्याला ठसक्यात सांगायचे, अरे कॅचे क्लिअर कर आधी, आणि तोही मुकाट करायचा, कुणी हसलं नाही की कुणी टोकलं नाही, म्हणून आपलं बरोबरच असणार असं धरून चालले होते. मग एकदा कॉलवर एकजण 'कॅश भरलीये, रिकामी करा' असं म्हणाली आणि मला वाटलं ही मध्येच पैशांचं काय काढतेय. दोन मिनिटांनी ट्यूब पेटली. शब्द तोच, उच्चार मात्र थेट रोकडवाल्या 'कॅश'सारखा, शेवटचा ई नुसता शोभेला. त्यालाच मागे एक टी लावला की 'कॅशे' होतं आणि त्याचा अर्थ मान, वजन, प्रतिष्ठा असला काहीतरी. म्हणजे मी जे म्हणत होते ते या दोन्हींत कुठेच बसत नव्हतं.

त्या लाजेतून हे ॲप घेतलं. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि या जातीची सगळी ॲप थोड्याफार फरकाने अशीच असतात, त्यामुळे तुम्ही दुसरं कुठलं वापरत असाल तरी बरंचसं लागू पडेल. रचना साधी. ए ते झेड अक्षरं, प्रत्येक अक्षराचा एक सेट, सेटमध्ये कार्डं. कार्डावर स्पेलिंग, इंग्रजीत व्याख्या, खाली मराठी अर्थ, देवनागरीत उच्चार, आणि स्पीकरचं बटण, ते दाबलं की ब्रिटिश किंवा अमेरिकन आवाजात शब्द ऐकू येतो. काही कार्डांवर बल्बचं चित्र असतं, ते दाबलं की शब्दाची जन्मकथा. मी सगळी अक्षरं केलेली नाहीत, खोटं कशाला सांगू. फक्त सी केला, पण तो पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत, रोज रात्री थोडा थोडा. तर हा रिव्ह्यू त्या एका अक्षराचा समजा.

पहिली शंका मला अशी होती की अक्षरावर शब्द शिकावेत का मुळात. वर्णानुक्रम हा शोधायला असतो, शिकायला नाही. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री नावाच्या माणसाने इंग्रजीतली पहिली मानली जाते ती एकभाषिक डिक्शनरी काढली, जेमतेम अडीच हजार शब्दांची, तेव्हा वाचणाऱ्यांना या क्रमाची सवयच नव्हती, म्हणून त्याला सुरुवातीलाच समजावून सांगावं लागलं की बाबांनो, शब्द सी-ए ने सुरू होत असेल तर सी च्या सुरुवातीला बघा आणि सी-यू ने होत असेल तर सी च्या शेवटाकडे जा. उदाहरणाला त्यानेही सीच घेतला होता हे कळल्यावर मला उगाच भारी वाटलं. पण त्याचा हेतू एवढाच की शब्द सापडावा. ॲपवाले तोच क्रम घेऊन शिकवायला बसतात आणि तिथेच गाडी रुतते.

कारण सी ला स्वतःचा आवाजच नाही. क म्हणायचं तर के आहे, स म्हणायचं तर एस आहे, हा आपला दोन्हीकडे पाहुणा. पुढे ई, आय किंवा वाय आला की स, म्हणजे सेन्सस, सिनेमा, सायकल. बाकी क, म्हणजे कॅमेरा, कॉलर, क्रिकेट. एवढा नियम पाच मिनिटांत डोक्यात बसतो आणि फार क्वचित फसवतो, 'केल्टिक' आणि इटालियनमधून आलेला 'चेलो' असे थोडे हट्टी सोडले तर. पण हा नियम ॲपमध्ये कुठेही लिहिलेला नाही! कार्डामागून कार्ड येत राहतं आणि तुम्ही प्रत्येक शब्दाचा उच्चार सुटा सुटा पाठ करत बसता, जसं काही त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही.

आणि सी-एच आला की तर विचारू नका. 'चेअर'मध्ये च, 'केऑस'मध्ये क, 'शेफ'मध्ये श. तिन्ही कार्डं वेगवेगळ्या दिवशी आली, तिन्हीवर उच्चार बरोबर दिलेला, पण असं का, याचा पत्ता नाही. शेवटी मी वही घेतली आणि तीन रकाने पाडले. क च्या रकान्यात पडले केऑस, कोरस, कॅरॅक्टर, केमिस्ट्री, क्रॉनिक, कॅझम, हे सगळे मुळात ग्रीककडून आलेले. च च्या रकान्यात चाइल्ड, चीक, चेअर, चेंबर, चेस, म्हणजे एकतर इंग्रजीचे अगदी घरचे किंवा फ्रेंचमधून फार पूर्वी उचललेले. आणि श च्या रकान्यात शेफ, शोफर, शराड, शॅसी, हेही फ्रेंचच पण उशिरा आलेले. गंमत अशी की जुन्या फ्रेंचमध्ये सी-एच चा उच्चार च असाच होता, तेराव्या शतकाच्या सुमारास तिकडे त्याचा श झाला, इंग्रजीने त्याआधी घेतलेले शब्द च वरच थांबले आणि नंतरचे श घेऊन आले. म्हणून 'चीफ' आणि 'शेफ' हा एकच शब्द दोनदा आलेला आहे, मूळ अर्थ डोकं, प्रमुख. चीफच्या कार्डावर बल्ब होता, त्यात हे अर्धवट सांगितलंय. शेफच्या कार्डावर बल्बच नाही. एका ओळीचा दुवा दिला असता तर माझं वहीचं काम वाचलं असतं, पण ठीक आहे, रकाने स्वतः पाडले म्हणून लक्षात राहिले हेही खरंच.

आता ज्यासाठी लोक असली ॲप घेतात ते, म्हणजे स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच. इथे सी सारखं अक्षर नाही. सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल, वाचायचं 'कर्नल', त्यात र आहे कुठे? या कार्डाचा बल्ब मात्र खरंच चांगला आहे. मूळ इटालियन शब्दात एल होता, फ्रेंच लोकांनी दोन ल जवळजवळ आले म्हणून पहिल्याचा र करून टाकला, इंग्रजीने सोळाव्या शतकात तो र वाला शब्द घेतला, आणि नंतर शहाण्या लोकांनी इटालियनकडे बघून स्पेलिंग परत एल चं केलं, पण बोलणारे र वरून हलले नाहीत. म्हणजे डोळे इटलीत आणि जीभ फ्रान्समध्ये. 'क्वायर'चंही (एकत्र गाणाऱ्यांचा गट) तसंच, आधी स्पेलिंग क्यू ने होतं, मग लॅटिनची ऐट आणायला सी-एच-ओ-आय-आर केलं आणि उच्चार होता तोच राहिला. 'कबर्ड'मधला पी तर आपण मराठीत केव्हाच टाकून दिलाय, त्यामुळे ते कार्ड आलं तेव्हा मला पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं. 'कू' म्हणजे सत्तापालट, पी मुका. 'कोर' म्हणजे सैन्याचा विभाग, पी आणि एस दोन्ही मुके, आणि अनेकवचनात स्पेलिंग तेच पण उच्चार 'कोर्झ', म्हणजे एस ला अचानक वाचा फुटते. असले शब्द सेटमध्ये विखुरलेले आहेत. 'मुकी अक्षरं' असा एक वेगळा फिल्टर द्यायला काय जात होतं? कोम (कंगवा), क्लाइम (चढणं), कासल (किल्ला), काम (शांत या अर्थाचं, एल मुका) हे सगळे एकत्र आले असते.

आता देवनागरी उच्चारांकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते यावर.

बरेच लोक म्हणतात की इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहू नयेत, सवय बिघडते, ती आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिका. मला ते पूर्ण पटत नाही. ती लिपी चांगलीच आहे, पण तिच्यातला उलटा ई, आडवी-उभी चिन्हं बघून निम्मे लोक पहिल्याच दिवशी ॲप काढून टाकतील. आणि एका बाबतीत देवनागरी नशीबवान आहे. इंग्रजीत ज्या अक्षरावर जोर नसतो त्याचा स्वर विरघळतो आणि जवळजवळ आपला अ होतो. ए असो, ओ असो, ई असो, जोर गेला की सगळे अ च्या गल्लीत. रोमन लिपीत तो दाखवायला वेगळं चिन्ह लागतं, आपल्याकडे तो व्यंजनात फुकट मिळतो. कालवा या अर्थाचा शब्द 'कॅनॉल' नाही, 'कनॅल' आहे, नुसतं क लिहिलं की काम झालं. 'कटॅस्ट्रफी', 'कमिटी', 'कलेक्ट', 'करप्ट', सगळीकडे पहिला साधा क आणि जोर पुढे.

आणि इथेच ॲपने माती खाल्लीये. इंग्रजीत सी वर एक अख्खी फौज आहे जे शब्द नाम असताना पहिल्या भागावर जोर घेतात आणि क्रियापद झाले की दुसऱ्यावर. कंडक्ट, कॉन्ट्रॅक्ट, कन्व्हिक्ट, कॉन्फ्लिक्ट, कम्पाउंड, कॉन्सोल. नाम असेल तर 'कॉन्डक्ट' म्हणजे वागणूक, क्रियापद असेल तर 'कन्डक्ट' म्हणजे चालवणं, पार पाडणं. 'कॉन्टेन्ट' म्हणजे आतला मजकूर, 'कन्टेन्ट' म्हणजे समाधानी. बघा ना, देवनागरीत किती सरळ दिसतं, जोराचं चिन्हसुद्धा नको, कॉ आणि क एवढ्यानेच सगळं सांगून होतं. ॲपमध्ये सरसकट सगळीकडे 'कॉन्डक्ट', 'कॉन्टेन्ट', एकच कार्ड, एकच उच्चार, अर्थ मात्र दोन्ही. स्पीकर दाबला तर तोही एकच वाचतो. म्हणजे हातात सोन्यासारखी लिपी असून वापरली नाही.

'करिअर'चंही तेच. मराठीत आपण लिहितो बरोबर, करिअर, पण बोलताना किती जण पहिल्या क वर आपटतात! जोर शेवटच्या भागावर आहे. पहिल्यावर जोर दिला की तो 'कॅरिअर' होतो, म्हणजे वाहून नेणारा, सायकलच्या मागे असतो तो. 'कॅरिअरची चिंता' असं म्हणणाऱ्या माणसाच्या सायकलला काय झालंय असा प्रश्न मला आता पडतो. 'कम्फर्टेबल' हा आपला चार पायऱ्यांचा शब्द, इंग्रजीत घाईघाईत तीनच, 'कम्फ्टबल'. हे कार्ड मात्र त्यांनी चोख केलंय, कुणीतरी जाणकाराने केलेलं असणार, बाकीच्यांना त्याने हात लावला नाही बहुतेक.

जिथे देवनागरी खरंच कमी पडते तिथे मी ॲपला दोष देणार नाही. 'कॉट' म्हणजे खाट आणि 'कॉट' म्हणजे पकडलं, दोन्ही कॉटच लिहावं लागतं, ब्रिटिश आवाजात पहिला ऑ आखूड आहे आणि दुसरा लांब. (अमेरिकेत बऱ्याच लोकांच्या तोंडी हे दोन्ही सारखेच आहेत, तर त्यांच्यापुरती आपली लिपी बरोबरच!) 'क्लोझ' म्हणजे बंद करणं आणि 'क्लोस' म्हणजे जवळचा, स्पेलिंग एकच. ॲपने दोन्हीला 'क्लोज' लिहून तिसरंच काहीतरी केलंय. आपण बोलतानाही क्लोजच म्हणतो, मान्य आहे, पण उच्चार शिकवायला बसलेल्याने तरी झ आणि स चा फरक दाखवावा की नाही? 'क्लेन्झ'लाही तेच, तिथे तर 'क्लीन्स' लिहिलंय, स्पेलिंगमध्ये क्लीन दिसतं म्हणून.

माइकची परीक्षा हा प्रकार सगळ्यात मजेशीर निघाला. शब्द वाचायचा, ॲप ऐकतं आणि हिरवा किंवा लाल दिवा लावतं. मी 'कोट' म्हटलं. ॲपने लिहून दाखवलं 'गोट', बकरी. परत म्हटलं, परत बकरी. मला वाटलं माइक खराब आहे. तेवढ्यात भाचा येऊन बाजूला बसला, त्याला अजून इंग्रजी फार येत नाही, कान मात्र कोरे आहेत, तो स्पीकरचा आवाज ऐकून म्हणाला, "मावशी, ती बाई कॅट नाही म्हणत, खॅट म्हणतेय." मी हसले आधी. मग परत ऐकलं. आणि खरंच की! इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला क, प, ट आले आणि त्यांच्यावर जोर असला की सोबत हवेचा झोत सुटतो. आपल्याकडे तो झोत आला की अक्षरच बदलतं, क चा ख होतो, त्यांच्याकडे अक्षर तेच राहतं पण झोत नसेल तर त्यांच्या कानाला तो ग च्या जवळचा वाटतो. म्हणून आपल्या स्वच्छ क चं त्यांनी गोट केलं. पुढच्या वेळी मी क आणि ख च्या मधोमध काहीतरी सोडलं आणि लगेच हिरवा दिवा. ही गोष्ट मला कुठल्याच कार्डावर वाचायला मिळाली नाही, भाच्याने शिकवली. पण ॲप नसतं तर हा प्रसंगच घडला नसता, त्यामुळे अर्धं श्रेय त्यालाही.

आवाजांबद्दल सांगायचं तर अमेरिकन आवाज कुणा माणसाचा वाटतो, ब्रिटिश आवाज नक्की मशिनचा. वाक्यात चालतं, सुट्या शब्दात जाणवतं. पण दोन्ही असणं उपयोगाचं आहे कारण सी वर दोघांची भांडणं बरीच आहेत. कारकुनाला ब्रिटनमध्ये 'क्लार्क' म्हणतात आणि अमेरिकेत 'क्लर्क', स्पेलिंगमध्ये मात्र दोघांकडेही ई. मी आपली लहानपणापासून क्लार्क ऐकत आलेय, तर मला वाटायचं क्लर्क हे शुद्ध आणि आपलं गावठी, ते उलट निघालं, म्हणजे दोन्हीही शुद्धच. 'शराड' म्हणा नाहीतर 'शरेड' म्हणा, समुद्र ओलांडला की बदलतं. 'कासल' नाहीतर 'कॅसल'. एक खटकलं, दोन उच्चार वेगळे असले की ॲप अमेरिकन उच्चाराखाली 'योग्य' अशी हिरवी खूण करतं आणि ब्रिटिशखाली काहीच नाही. असं कोण ठरवतं? १९१७ साली डॅनियल जोन्सने उच्चारांची डिक्शनरी काढली तेव्हा निदान सरळ सांगितलं होतं की हे उच्चार दक्षिण इंग्लंडमधल्या, निवासी खासगी शाळांत शिकलेल्या घरांतल्या लोकांचे आहेत, सगळ्यांनी असंच बोलावं असं नाही. शंभर वर्षांनंतरच्या ॲपला एवढा प्रामाणिकपणा जमायला हरकत नव्हती.

व्याख्या. इथे माझा पेशन्स संपला. 'कँडिड' म्हणजे काय, तर ज्याच्यात कँडर आहे असा. बरं, 'कँडर' म्हणजे काय, तर कँडिड असण्याचा गुण. म्हणजे तू मला विचार, मी तुला विचारते. खाली मराठी अर्थ दिलाय 'निष्कपट', तो तरी बरा, मी 'मोकळेपणाने खरं बोलणारा' असं लिहिलं असतं. काही ठिकाणी व्याख्या मूळ शब्दापेक्षा अवघड. हा रोग जुनाच आहे म्हणा, १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध डिक्शनरीत सॅम्युअल जॉन्सनने साध्या खोकल्याची व्याख्या फुप्फुसांचा आचका, कुठल्याशा तिखट स्रावाने डिवचल्यामुळे येणारा, अशा थाटात केली होती, खोकणाऱ्याला वाचून ठसका लागेल. पण त्याच नोंदीत त्याने याचा उच्चार 'कॉफ' करावा असंही साध्या शब्दांत सांगून टाकलं, हे मला आवडलं. व्याख्या कळो न कळो, बोलता तरी येईल.

'कन्डिसेन्ड'ला मराठी अर्थ दिलाय 'नम्र होणे'. अहो, शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकात चाललं असतं. आज कुणाला तू कन्डिसेन्डिंग आहेस म्हटलं आणि तो थँक्यू म्हणाला तर? उपकार केल्यासारखं बोलणं, समोरच्याला कमी लेखत गोड वागणं, असा आहे तो अर्थ आजचा. 'कम्प्लेसन्ट'ला 'समाधानी' लिहिलंय, त्यात ती टीका कुठे गेली? आपलं सगळं छान चाललंय म्हणून गाफील झालेला माणूस तो. शब्दाला रंग असतो, चांगला वाईट, आणि या कार्डांत तो धुऊन टाकलाय. सगळ्यात कळस म्हणजे 'कॉम्प्लिमेंट' या जोडीचा. एक मध्ये आय वालं, म्हणजे स्तुती. एक ई वालं, म्हणजे पूरक, जोडीला शोभणारं. उच्चार जवळजवळ एकच. ॲपने दोन्ही कार्डांची मराठी अर्थाची ओळ अदलाबदल करून टाकलीये. ज्या जोडीसाठी लोक मुद्दाम शोधत येतील नेमकी तीच उलटी.

पण इथे वर्णानुक्रमाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, मी सुरुवातीला त्याला नावं ठेवली ना. दिसायला जुळी असलेली कार्डं आपोआप शेजारी येतात. 'क्रेडिबल' आणि 'क्रेड्युलस' पाठोपाठ आली, पहिला विश्वास ठेवण्यासारखा, दुसरा कशावरही विश्वास ठेवणारा भाबडा. 'कन्टिन्युअल' म्हणजे थांबून थांबून पण सारखं, 'कन्टिन्युअस' म्हणजे अखंड. 'काउन्सिल' म्हणजे मंडळ, 'काउन्सेल' म्हणजे सल्ला, ऐकायला सारखेच. 'चाइल्डिश' पोरकट, 'चाइल्डलाइक' निरागस, मुलाचंच नाव पण एक शिवी आणि एक कौतुक. 'सेन्सर' आणि 'सेन्शर', एक कात्री लावणारा आणि एक ठपका. 'कॉन्शन्स', 'कॉन्शिएन्शस', 'कॉन्शस' हे तिघे तर एकमेकांच्या मागे रांगेत उभेच, सद्सद्विवेकबुद्धी, काळजीपूर्वक काम करणारा, आणि शुद्धीवर असलेला. विषयवार सेट असता तर हे तिघे कधी भेटलेच नसते. आणि 'क्लीव्ह' नावाचं एक कार्ड आहे ज्याचा अर्थ चिरणं आणि घट्ट चिकटून राहणं, दोन्ही! मला वाटलं परत अदलाबदल झाली, पण नाही, जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, काळाच्या ओघात दोघांचं रूप एक झालं.

बल्बवाली कार्डं थोडी आहेत पण जी आहेत ती मी परत परत उघडली. 'कॉट' हा इंग्रजीने आपल्याच खाटेवरून उचलला आणि आपण तो परत आणून खाटेपेक्षा भारी समजतो. 'कँडिडेट' म्हणजे पांढऱ्या कपड्यातला, प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे झगझगीत पांढरा केलेला अंगरखा घालून फिरायचे म्हणून. त्याच्यामागे लॅटिनचं चमकणं या अर्थाचं क्रियापद आहे, त्याच घरातून 'कँडल' आली, कँडिडही आला, आणि लॅटिनमधली मेणबत्ती ग्रीक, अरबी अशी वळणं घेत आपल्याकडे पोचली ती कंदील होऊन. हे शेवटचं ॲपमध्ये नाही, मी भर घालतेय. आणि 'क्लू'. मुळात याचा अर्थ दोऱ्याचा गुंडा. ग्रीक कथेत एक वीर भुलभुलैयात शिरतो आणि दोरा सोडत सोडत जातो म्हणजे बाहेरची वाट सापडेल, त्यावरून वाट दाखवणारी खूण म्हणजे क्लू. आता आपण गुन्ह्याच्या बातमीत काय लिहितो? धागेदोरे सापडले. हे मराठी अर्थाच्या ओळीत लिहायला पाहिजे होतं राव, 'धागादोरा'. तिथे लिहिलंय 'संकेत'.

बाकी किरकोळ. नोटिफिकेशन फार येतात, बंद करता येतात. चार पर्यायांची क्विझ अगदीच पोरकट, तीन पर्याय इतके भलते असतात की शब्द माहीत नसला तरी उत्तर बरोबर येतं. ऑफलाइन चालतं, आवाजासकट, हे चांगलं. सर्च मध्ये देवनागरीत टाइप केलं तर सापडत नाही, म्हणजे 'कर्नल' ऐकलाय पण स्पेलिंग माहीत नाही अशा माणसाने शोधायचं कसं? ज्याला स्पेलिंग माहीत आहे त्यालाच शब्द सापडणार, हे १६०४ पासून बदललेलं दिसत नाही.

वापरायचं असेल तर मी काय करते ते सांगते. सेटिंगमध्ये देवनागरी उच्चार लपवता येतो. तो लपवायचा, आधी स्पीकर दोनदा ऐकायचा, वहीत आपल्या कानाला आलं तसं देवनागरीत लिहायचं, जोर कुठे आहे त्याच्याखाली रेघ मारायची, आणि मगच त्यांचा उच्चार उघडून बघायचा. बऱ्याचदा तुमचा जास्त बरोबर निघेल. व्याख्येसाठी यावर विसंबू नका, तिथे कुठलीही धड डिक्शनरी जवळ ठेवा. ज्यांना स्पेलिंग येतं पण चारचौघांत शब्द उच्चारायची भीती वाटते त्यांच्यासाठी घेण्यासारखं आहे. ज्यांना इंग्रजी नव्याने शिकायचंय त्यांनी यापासून सुरुवात करू नये, शब्द सुटे सुटे पडतील आणि वाक्य काही व्हायचं नाही.

आवाज आणि ऑफलाइनसाठी चार स्टार दिले असते, व्याख्यांसाठी दोन, म्हणून तीन देतेय. कॉम्प्लिमेंटची अदलाबदल मी ॲपमधूनच कळवली होती, स्क्रीनशॉटसकट. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तुमच्या 'कॉम्प्लिमेंट'बद्दल आभार, आणि स्पेलिंगमध्ये ई होता. कार्ड अजून तसंच आहे.